महेशशेठच्या कॉम्प्युटरवर

"चाललं! आई, चाललं!" राजसी खुर्चीतून अशी उडाली की बदलापूरच्या त्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरचे नक्की दचकले असतील.

उडणारच. उल्हासनगरच्या महेशशेठच्या जीन्सच्या कारखान्यासाठी तिने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला होता. पँटचे तुकडे कापडावर असे मांडून दाखवायचा, की कमीत कमी कापड वाया जावं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. शेठकडे विंडोज, आणि ही बाई हट्टाने लिनक्सवाली. मग तिने प्रोग्रामची विंडोजवर चालणारी प्रत बनवली आणि लिनक्सवरच विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमध्ये उघडली. झोकात उघडली! दुपारी शेठला दाखवायचं होतं. "बेटा, एक ही बार देखूंगा," त्याने बजावलं होतं, आणि हे तिचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक.

सासूबाईंची, मालिनीताईंची, सगळी नोकरी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये झालेली. त्या खूश झाल्या, पण सवय जाते कुठे? "ब्लँक घेतलास का गं?"

"म्हणजे?"

"आम्ही एकदा नमुना न घालताच टेस्ट करायचो. भांड्यातलंच काही रिझल्टमध्ये येत नाही ना, ते कळायला. तुझा लॅपटॉप प्रोग्रामला गुपचूप मदत तर करत नाहीये?"

राजसीने हसतहसत, प्रोग्रामला सापडू नये म्हणून, आपल्या कामाच्या फोल्डरचं नाव बदललं आणि प्रोग्राम पुन्हा उघडला. आत एकही तुकडा नाही. वाइनमधून प्रोग्रामला तिची सगळी डिस्क दिसत होती, आणि तो गाढव पँटच्या तुकड्यांची चित्रं तिच्याच फोल्डरमधून उचलत होता! शेठकडे तो फोल्डर कुठून असणार?

"आई, वाचवलंत!" ती कीबोर्डवर तुटून पडली. चित्रं प्रोग्रामच्या आतच भरली, नवी प्रत बनवली, फोल्डरचं नाव बदललेलंच ठेवून चालवली. सगळे तुकडे हजर! मालिनीताईंनी टाळ्या पिटल्या. "थांब, मीपण येते."

कारखान्यात राजसीने शेठच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. डबल क्लिक केलं, आणि तुकडे पटापट आपापल्या जागी बसले. शेठने कटिंगमास्तर कैलासला बोलावलं. कैलास स्क्रीनकडे बघतच राहिला.

"बोल ना यार! बेकार है क्या?" शेठ वैतागला.

टेबलावर कैलासने सकाळीच खडूने आखून ठेवलेलं कापड पसरलं होतं. त्याने ब्रश उचलला आणि आपल्या सगळ्या रेघा झाडून टाकल्या.

"ताई, मॉनिटर जरा इकडे फिरवा," तो खडू उचलत म्हणाला, "इथून नीट दिसत नाय."