अमृताच्या मापाचा शॉकअप

मी मोटारसायकलचा मागचा शॉकअप बोलतोय. उजवीकडचा. डावीकडे माझा जुळा भाऊ आहे, पण त्याला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खड्डा आला की माणसं रस्त्याला शिव्या देतात, सरपंचाला देतात, पुढच्या टेम्पोवाल्याला देतात. खड्डा गिळतो मात्र मी. आजवर एकानेही खाली वाकून "लागलं का रे?" असं विचारलेलं नाही.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात तेल, अंगावर स्प्रिंग आणि कमरेला खाचा असलेली एक कडी. आकडीच्या पान्याने ती कडी फिरवून आवळली की मी ताठ होतो आणि गाडीचं बूड वर राहतं. सैल केली की बूड खाली बसतं. एवढीच काय ती माझी विद्या. पण गाडी वळणात सरळ स्वभावाने वागणार की बिथरणार, हे त्यावर ठरतं. मला हे उशिरा कळलं आणि माणसांना त्याहून उशिरा.

माझा पहिला मालक लोणावळ्यात चिक्कीची खोकी पोचवायचा. खोकी बिचारी गरीब होती, त्रास होता रविवारचा. पावसाळ्यात त्याचे मेहुणे भुशी धरणावर भिजायला निघायचे आणि सगळे या एकाच गाडीवर. परत येताना त्यांच्या पॅन्टींत मुरलेल्या पाण्याचं ओझंही मलाच. शेवटी त्याने टेम्पो घेतला, आणि गाडी परंदवडीच्या निवृत्तीभाऊंकडे आली.

निवृत्तीभाऊंकडे म्हशी होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक खाच राखून पार आवळलं. "गाडी उलार व्हता कामा न्हाई," म्हणाले. भार मागे गेला की बैलगाडी मागे कलते, त्याला उलार म्हणतात. भाऊंनी उमेदीत बैलगाडी हाकलेली. त्यांच्या लेखी मोटारसायकल म्हणजे बैल नसलेली बैलगाडीच होती.

त्यांची मुलगी अमृता जवळच्याच एका कारखान्यात कामाला. अंगाने पाप्याचं पितर, पण गाडीवर बसली की वारं प्यायलेलं वासरू. कार्ल्याच्या पुढे एका माळावर दरवर्षी मातीतली शर्यत होते, साध्या गाड्यांची. तिथे तिने नाव दिलं. घरात आठवडाभर धुसफूस झाली आणि मग भाऊंनी निकाल दिला.

"एकदा पळ. पडली न्हाईस तर गाडी तुजी. पडलीस तर गाडी दुधाची, आन् ह्यो नाद कायमचा बंद."

"व्हय, कबूल," अमृता म्हणाली.

ती कबूल म्हणाली आणि माझ्या पोटातलं तेल गोठलं. कारण पाडायचं की सावरायचं हे बरंचसं माझ्यावर होतं, आणि मला तर कुणी विचारलंच नव्हतं.

गाडी गेली सोमाटणे फाट्यावर, पप्पूच्या गॅरेजवर. पप्पूने मोबाइलवर शर्यतींचे व्हिडिओ पाहून पाहून डोळ्यांची वाट लावलेली. तो म्हणाला, "चालवणारा बसवायचा, गाडी किती दबती ते बघायचं, मग शॉकअप आवळायचा." बोलणं सोळा आणे खरं. पण अमृता दुसऱ्या पाळीला गेलेली. आमच्याकडे अशा वेळी कामधंदा थांबत नाही. गॅरेजच्या बाकावर जो रिकामा असेल त्याला बसवतात. बाकावर होते निवृत्तीभाऊंचे दोस्त अंबाजी. भाताची दोन पोती एकावर एक ठेवावीत असा देह.

"कुनी बी बसला तरी मानूसच की," असं म्हणत अंबाजी बसले. मी आणि माझा भाऊ पार लोळलो. पप्पूने आमची राहिलेली खाचही आवळली, शिवाय पुढचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवून गाडीचं नाक खाली केलं. म्हणे आता गाडी वळणात झटकन वळंल. भाऊंनी मागून पाहिलं. गाडीचं बूड आभाळाकडे. "आता उलार व्हायाची बिशाद न्हाई," म्हणून खूश झाले.

सरावाच्या दिवशी माळावर अमृता बसली. मी तसूभरही दबलो नाही. दबणार कसा? तिच्या वजनाला मी जुमानेना, आणि नाक खाली असल्याने पुढचे पाइप नको तितके उभे झालेले. हॅण्डल सारखं नाही नाही म्हणून मान हलवू लागलं, मागचं चाक प्रत्येक ढेकळावर उडू लागलं, आणि पहिल्याच मोठ्या वळणात अमृता मातीत. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! पोर ढोपर चोळत उठली, गाडी उचलली, आणि पहिल्यांदा हात फिरवला तो माझ्यावरून.

"सराव धरीत न्हाई मी," भाऊ म्हणाले. "पन शर्यतीत अशीच आपटलीस तर बोलायचं काम न्हाई."

मग सल्ल्यांचा पाऊस. अंबाजी म्हणाले, "पोरगी हलकी पडती. खिशात दगडं भर." अमृताची आई शालनताई शिवणकाम करायच्या, त्यांनी ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. "चार दिस पोटभर जेव, मंग बसंल गाडी खाली." पप्पू म्हणाला, "तू घाबरून चालवतेस." सगळ्यांना पोरगीच बदलायची होती. मला बदलावं असं कुणाच्या डोक्यात येईना.

संध्याकाळी अमृताने गाडी अंगणात घेतली.

"आई, तुझी टेप आन. अण्णा, तुमी हॅण्डल धरा."

"मी कशापायी?" भाऊ गुरकावले.

"मी वर बसनार, आई मोजनार. गाडी उभी कोन धरनार, म्हस?"

भाऊ आले. गाडी दुधाला परत मिळावी म्हणून वाट पाहणारा माणूस तीच गाडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. शालनताईंनी चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या स्क्रूपर्यंत टेप लावली. आधी गाडी रिकामी, मग अमृता बसलेली.

"आगं बया! बोटभर सुदिक बसली न्हाई," त्या म्हणाल्या. "हे तर अंबाजीभावजींच्या मापाचं शिवलंय!"

अमृताने पाना घेतला आणि ती एकेक खाच सोडत गेली. आधी माझी, मग माझ्या भावाची. पुढचे पाइपही थोडे खाली घेऊन गाडीचं नाक वर आणलं. "उलार हुईल गं," भाऊ पुटपुटले. "बसल्यावर बघा," ती म्हणाली. ती बसली, आणि गाडी पुढून-मागून एकदमच खाली गेली, गुडघे टेकून बसणाऱ्या शहाण्या बैलासारखी. भाऊ बघत राहिले. हॅण्डल सोडायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

शर्यतीत त्या मोठ्या वळणावर धुरळा असा उठला की पुढचं दिसेना. आमच्या पुढचे दोघे बाहेर फेकले गेले. अमृता आत झुकली. मी दबलो, सावकाश वर आलो, पुन्हा दबलो. चाकाने माती सोडली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ज्या कामासाठी जन्मलो ते काम करत होतो, आणि काय सांगू, मजा येत होती!

अमृता पाचवी आली. अंबाजी मात्र "पाचवी! पाचवी!" असं ओरडत असे नाचले की लोकांना तीच जिंकल्यासारखं वाटलं. निवृत्तीभाऊंनी नंबर विचारलाच नाही. तिचे कोपर पाहिले, ढोपरं पाहिली. "कुटं लागलं?" "कुटंच न्हाई, अण्णा." मग ते तोंड फिरवून उगाच धोतर झटकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅन घेऊन आले. सवयीने पाना माझ्या कडीला लावला. मी अंग चोरलं. पण त्यांनी पाना फिरवलाच नाही. शालनताईंनी दारातून विचारलं, "काय झालं?"

"पोरीच्या मापाचं हाय. इस्कटनार न्हाई मी," भाऊ म्हणाले. "अंबाजीची गाडी मागून आनतो."

आता माझं वय झालंय. बुडाशी तेलाचा ओघळ दिसतो, माझा जुळा भाऊ तर बसता-उठता कण्हतो. वाचकहो, मला आवळायच्या आधी गाडीवर कोण बसणार आहे तेवढं बघत जा. आणि मला इतक्यात भंगारात घालू नका. अमृता टेप घेऊन अंगणात आली की निवृत्तीभाऊ हातातलं काम टाकून येतात, आणि कुणी न सांगता हॅण्डल धरून उभे राहतात. ते मला अजून बघायचंय.