खंडेनवमीचा माउस

पुनमच्या पडद्यावरचा बाण सकाळी दहाला गायब झाला तो झालाच. ती लातूरला आईच्या घरी बसून नांदेडच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायची. त्या एकाच मशीनच्या पोटात चौघांसाठी चार आभासी कॉम्प्युटर मांडलेले होते, त्यातला एक तिचा. मोजणीवरून जमिनीचे नकाशे काढायचे एवढंच काम. पण रेघ ओढायला बाण लागतो, आणि बाणाचाच पत्ता नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मल्लिनाथ सरांनी महिनाभर घरून काम करून बघायला सांगितलं होतं. "कुठं अडलं तर मात्र परत यावं लागेल," हेही बजावलं होतं. आज मुदखेडच्या प्लॉटिंगचा नकाशा बाराच्या आत द्यायचा होता. अडायला मुहूर्त नेमका आजचाच सापडला! परत जावं लागलं तर काठी टेकत न्हाणीकडं निघालेल्या आईकडं कोण बघणार?

तिनं आपल्या माउसचा सेल बदलला, बाण मोठा केला, जोडणी तोडून पुन्हा जोडली. काही उपयोग नाही. गंमत म्हणजे हात फिरवला की पडद्यावरची बटणं एकेक करून उजळत होती. म्हणजे बाण होता, फक्त दिसत नव्हता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नांदेडच्या मशीनला त्याचा स्वतःचा माउस जोडलेला नसेल, तर ते मशीन बाण दाखवायचंच सोडून देतं.

तिनं ऑफिसचे शिपाई दगडोबाकाका यांना फोन लावला.

"काका, मोठ्या मशीनचा माउस कुठाय?"

"पूजेत हाय की ताई. आज खंडेनवमी न्हाई का? मोजणीचा टेप मांडला, तिपाई मांडली, तसा त्योबी मांडला."

त्या मशीनवर काम करणारे बाकीचे तिघं सणाच्या रजेवर, त्यामुळं बोंब मारायला दुसरं कुणी नव्हतंच. पुनम भडकली.

"अख्ख्या ऑफिसात तोच बरा सापडला तुम्हाला!"

काका समजुतीनं सांगू लागले.

"ताई, समद्यांनी कालच आपापलं हत्यार आणून दिलं. तुमचं कोण देनार? इथं हुत्या तवा त्या मशीनसमोर तुमीच बसायच्या. म्हनलं, पोरगी लांब हाय, तिचं राहू नये." मग हळूच म्हणाले, "दसऱ्याच्या आधी उचलत न्हाईत. पर तुमचं काम अडत असंल तर उचलतो."

आपण गेलो तशी ऑफिसानं आपल्यावर पाणी सोडलं असणार, असं इतके दिवस तिच्या मनानं घेतलं होतं. तिचा राग कुठल्या कुठं गेला. काकांवर ओरडल्याची लाज वाटली.

"राहू द्या काका. बिलकुल उचलू नका. मी बघते."

नंबरच्या कळांनी बाण हलवायची एक सोय कॉम्प्युटरात असते. ती चालू केली की माउस असो नसो, बाण दाखवावाच लागतो. पुनमनं नुसत्या कीबोर्डवर चाचपडत नांदेडच्या मशीनवरची ती सोय शोधली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सापडली. बाण पडद्याच्या मधोमध उभा राहिला. बाराला दहा कमी असताना नकाशा गेला.

थोड्या वेळानं सरांचा फोन आला. "दगडोबानं सांगितलं सगळं. महिन्याची मुदत आता मनातून काढा. आई धड चालायला लागेपर्यंत तिथनंच करा."

आई दारात येऊन उभी होती. "नांदेडला बोलवायलेत का गं?"

"न्हाई," पुनम म्हणाली, आणि मग तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडून घेतलं.