मुरलेला साग

आई गेल्यावर तिच्या सामानातली एकच वस्तू मी मागितली होती: तिच्या लग्नातला सागवानी पाट, कोपऱ्यांवर पितळी फुलं ठोकलेला. अनिकेतदादा म्हणाला, "इथंच राहू दे ग, अपर्णा. भाऊबीजेला येशीलच ना? त्याच्यावरच बसेन." सख्खा भाऊ, मी विश्वास ठेवला.

यंदा भाऊबीजेला नामपल्लीला गाडीतून उतरले आणि कुकटपल्लीला दादाच्या घरी गेले. चहा व्हायच्या आत त्यानं मला बाल्कनीत ओढलं. जन्मभर संगणकावर बोटं बडवलेल्या माणसाला आता सुतारकामाचा नाद लागलाय. लाकडाचे तुकडे दर वेळी त्याच मापात, त्याच कोनात कापले जावेत म्हणून सुतार फर्मा वापरतात. तसला एक त्यानं घरीच केला होता.

"पहिला रबरवुडचा केला, तो पावसाळ्यात फुगला. बाभळीचा केला, त्याला पीळ पडला. फर्माच हलला तर पुढचं सगळं काम वाकडं. मग टिंबर डेपोतले मियाँ म्हणाले, 'साब, नया माल कैकू लेते? पुराना सागवान देखो. उसका हिलना-डुलना कब का हो गया.'"

रेषा सरळ हव्यात, गाठ नको, घरातल्या हवेत वर्षानुवर्षं मुरलेलं हवं, असं तो सांगत सुटला. गुण्या लावून त्यानं काटकोन दाखवला. काटकोन अगदी बरोबर होता, मेला.

मी फर्म्याच्या कडेचं पितळी फूल बघत होते.

"दादा, हा आईचा पाट आहे."

"हौ ना!" तो खुशीत हसला. "सगळे डेपो पालथे घातले आणि लाकूड घरातच! काखेत कळसा. आता गुडघे धरून खाली बसतंय कोण?"

मला तो त्या वेळी भाऊ वाटला नाही, चोर वाटला. तरी सण होता म्हणून ओवाळणीचं ताट तयार करायला घेतलं.

वहिनीनं प्लास्टिकचं स्टूल मांडलं, भोवती रांगोळीही काढली. दादा डोक्यावर रुमाल टाकून बसला. मी ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं ताटात एक डबी ठेवली. बाजारच्या प्लायवूडची, त्याच फर्म्यावर बेतलेली, चारी कोपरे नेमके जुळलेले.

"डबी नको," मी म्हणाले. "फर्मा दे. तुकडे तर तुकडे, पण ते आईचे आहेत."

दादाचा चेहरा पडला. बाल्कनीच्या दाराकडे बघत तो काकुळतीनं म्हणाला, "दुसरं काहीही माग, अपर्णा. तेवढं नक्को. असलं लाकूड पुन्हा मिळायचं नाही ग."

"म्हणून तर तेव्हा मागितलं होतं," मी म्हणाले, आणि डबी स्टुलाशी ठेवून ताट उचललं.