तिसरी सही

शनिवार, १६ जानेवारी २०२१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आयर्लंडमधल्या स्लायगोच्या कोविड वॉर्डात लेस्टर दुप्रे वारला. वय एक्याऐंशी. मृत्यूची वेळ डॉ. गुरुनाथ देवस्थळीने लिहिली.

लेस्टर कवी होता, हे वॉर्डात फारसं कुणाला माहीत नव्हतं. ‘उसाची साखर करता, रक्त कोणत्या गोणीत भरता?’ या ओळींसाठी कॅरिबियनमधल्या त्याच्या लहानशा बेटावर त्याला सहा वर्षं तुरुंगात काढावी लागली होती. पुढे क्रांती झाली आणि त्याचेच मित्र सत्तेवर आले. दोन वर्षांत त्या सरकारने त्याच्या धाकट्या भावाला गद्दार ठरवून गोळी घातली. लेस्टर आयरिश बायकोबरोबर स्लायगोला आला. बायको शाळेत शिकवायची. चाळीस वर्षांत त्याने एकही कविता लिहिली नाही.

पाच जानेवारीला त्याने गुरुनाथला विचारलं, तुझी स्मरणशक्ती कशी आहे? गुरुनाथने नागपूरच्या शाळेत पाठांतराची बक्षिसं मिळवली होती, तसं सांगितलं.

“मग तू धोकादायक माणूस. आमचे पोलीस आधी तुझ्यासारख्यांना उचलायचे.”

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो रोज दोन ओळी सांगू लागला. लिहून घेऊ देत नसे, फोनवर रेकॉर्डही करू देत नसे. कागद सापडतो, म्हणायचा. गुरुनाथ त्या ओळी गाडीत म्हणायचा, पीपीई चढवताना म्हणायचा. सप्टेंबरमध्ये वडील गेले तेव्हा त्याने अंत्यविधी फोनवर पाहिला होता. ते शेवटी काय बोलले, हे नागपुरातलं कुणीच त्याला सांगू शकलं नव्हतं.

आठव्या दिवशी लेस्टरने पंधरावी आणि सोळावी ओळ सांगितली.

‘हुकुमावर सह्या तीन. दोघे मेले.
तिसऱ्याचं नाव आता ऐका.’

मग म्हणाला, “तुझं झालं.” कविता संपली, असं गुरुनाथला वाटलं. आजकालच्या कविता अशाच तुटतात, असा त्याचा समज होता. त्याने पुढे काही विचारलं नाही.

मृत्यूनंतर दोन दिवसांनी त्याने लेस्टरची मुलगी मार्वा हिला टोरंटोला फोन करून सोळा ओळी म्हणून दाखवल्या. तिने त्या पुन्हा म्हणायला लावल्या.

“डॉक्टर, ते पूर्ण कविता एकाला कधीच देत नसत. अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. तुरुंगातली सवय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “काकाला गोळी घालायच्या हुकुमावर बाबांची सही होती, असं बेटावर लोक बोलतात. मी त्यांना कधी विचारलं नाही. ते नाव मला हवंय. कुठलंही असू दे.”

गुरुनाथने ड्यूटीचे तक्ते काढले. लेस्टर ओळी सांगत होता त्या आठवड्यात संध्याकाळच्या पाळीला त्याच्याकडे एकच नर्स होती, एजन्सीकडून आलेली स्वप्नाली. एजन्सीने पंधरा तारखेला तिला दक्षिणेकडच्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. तिचा फोन तीन दिवस बंद लागला. चौथ्या दिवशी तो तिच्या नवऱ्याने, संजीवने घेतला.

“पॉझिटिव्ह आली हो. वीस तारखेपासून व्हेंटिलेटरवर आहे. तिच्याच हॉस्पिटलात, पण मला आत सोडत नाहीत.”

गुरुनाथने आधी तिचे रिपोर्ट विचारले. मग कवितेचं विचारलं.

“हां, पुटपुटायची काहीतरी. भाजी चिरतानासुद्धा. मी चेष्टा करायचो, कसली परीक्षा देतेस आता? तर म्हणाली, एका आजोबांचं काम आहे.”

“त्यात कुणाचं नाव होतं का?”

“असेल. इंग्लिश होतं. मी लक्ष नाही दिलं, सर.”

मार्वा रोज टोरंटोच्या सकाळी फोन करते. स्वप्नालीची तब्येत विचारते. दुसरं काही विचारत नाही.

बुधवार, ३ फेब्रुवारीला दुपारी दोनपर्यंत स्वप्नालीची व्हेंटिलेटरची नळी काढलेली नव्हती.