लाल तारांचा नकाशा

साडूचं पत्र आलं त्या दिवशी दादांनी ते दोनदा वाचलं, त्यातली एक चुकलेली वेलांटी पेन्सिलीने दुरुस्त केली आणि घडी घालून जाड शब्दकोशात ठेवून दिलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाचा हात असा आपोआप चालतो. उत्तर लिहायला मात्र तो चालला नाही. त्याला आता चार महिने झाले होते, आणि आज दादा साडूच्याच गॅरेजमध्ये, हात मागे बांधून, आपल्या जुन्या गाडीभोवती फिरत होते.

आपली म्हणायची ती सवयीने. बारा वर्षं वापरून त्यांनी ती साडूला भंगाराच्या भावात देऊन टाकली होती. शेवटी शेवटी संध्याकाळ झाली की गाडी मान टाकायची. तीन मेकॅनिकांनी तीनदा इंजिन उघडलं, आणि दादांनीच एक दिवस जाहीर केलं की इंजिन संपलं.

साडूने ती शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवली होती. पुढची काच परदेशातून यायला अकरा महिने लागले, आली ती तडकलेली, पुन्हा मागवावी लागली. मडगार्डाचा पत्रा ठोकून मूळ गोलाईवर आणणारा कारागीर शोधण्यातच एक वर्ष गेलं. या सगळ्यापायी साडूने एक प्लॉट विकला होता आणि ते तो हसत हसत सांगायचा. दादांना राग यायचा तो त्या हसण्याचा. आपण आयुष्यात कशासाठी असं काही विकलं असतं का, हे त्यांना ठरवता येत नसे. विकायला काही नव्हतं हेही खरंच.

गाडी निळी झाली होती, नवी असतानाही नसेल इतकी निळी. दादा वाकून वाकून बघत गेले. मागच्या नंबरप्लेटखाली रंगाचा एक ओघळ सापडला, टाचणीच्या डोक्याएवढा. त्यांना फार बरं वाटलं.

"दादा, आलात ते बरं केलंत," साडू म्हणाला. "फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता, म्हणून पत्र लिहिलं. तर पत्रालाही हं नाही."

"तब्येत जरा..."

"तब्येतीला काय धाड भरलीय?" बरोबर आलेली दादांची बायको म्हणाली. "शब्दकोडी सोडवतात दिवसभर."

इलेक्ट्रिशियन जमिनीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर तारांचं लाल जंजाळ.

"हे वायरिंग कोणत्या महाभागाने केलं होतं?" तो म्हणाला. "सगळ्या तारा एकाच रंगाच्या! कुठली कुठे जाते ते करणाऱ्यालाही सांगता यायचं नाही."

साडू जोरात खोकला. बायकोने पदर तोंडाला लावला. वायरिंग दादांनी केलं होतं, गाडी जुनी झाल्यावर, पुस्तकात वाचून, सहा रविवार खपून. लाल तारेचं अख्खं भेंडोळं स्वस्तात मिळालं होतं.

"चूक माझी," साडू म्हणाला. "नटबोल्टांना चिठ्ठ्या लावल्या आणि तारांना लावायच्या राहिल्या. तयार वायरिंग आता या गाडीचं कुणी करत नाही. तुमच्या वहीतला वायरिंगचा नकाशा, पत्रात मागितला तो, मिळाला की त्यावरून नव्या तारा टाकू. मग वरून डॅशबोर्ड कायमचा बंद. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, संध्याकाळी दिवे लावून शहरभर फिरवतात."

"आणि इंजिन?"

"त्याला काही झालंच नव्हतं हो. धुतलं आणि बसवलं. मेकॅनिकसुद्धा चक्रावला."

घरी आल्यावर दादांनी वही काढली आणि पट्टी घेऊन नकाशा उतरवायला बसले. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची तार त्यांनी हेडलाइटच्या तारेलाच जोडलेली होती. दिवे लागले की कॉइलला वीज अपुरी पडणार, आणि गाडी मान टाकणार. संध्याकाळी. तिन्ही मेकॅनिकांना त्यांनी डॅशबोर्डला हात लावू दिला नव्हता. तिथलं आपलं पक्कं आहे, असं सांगितलं होतं.

त्यांनी पहिल्या पानापासून ती तार पुन्हा बोटाने तपासत आणली.

"काय हो, झाला का उतरवून?" बायकोने विचारलं.

"एका ठिकाणी अडलंय."

"अडायचंय काय त्यात? जसं होतं तसं द्या. तेवढंच मागितलंय त्याने."

जसं होतं तसं. दादांनी ती तारही जशी होती तशी काढली. यात खोटं काहीच नव्हतं. पाकीट डिंकाने चिकटवलं. मग त्यांना रस्ता दिसला, दुतर्फा माणसं, सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले, आणि मधोमध बंद पडलेली निळी गाडी. साडू नव्या कोटात उतरून ढकलतो आहे. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

सकाळी दाढी करता करता नकाशाचं तिसरं पान आणि त्यातली तशीच सोडलेली चूक त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तोंड पुसून ते टेबलाशी आले, पाकीट फाडलं आणि लाल पेन्सिल घेतली. कॉइलच्या तारेवर त्यांनी, मुद्रितात करायचे तशी, काढून टाकण्याची खूण केली आणि नवी तार थेट चावीच्या स्विचला नेली. समासात काहीतरी लिहायला हवं होतं. तीन वाक्यं लिहून खोडली. शेवटी राहिलं ते एवढंच: 'इथे माझी चूक झाली होती. गाडी बंद पडायची ती यामुळे. इंजिन पहिल्यापासून चांगलं होतं.'

सही तेवढी राहिली. 'आपला' लिहायचं की नुसतं नाव, यातच पाच मिनिटं गेली.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाला घेतलं, तरी दादांच्या बोटांत त्याचं एक टोक होतं.

"आजोबा, सोडा की. काटा हलतोय."

त्यांनी सोडलं. बाईंनी तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

"ते आता परत मागितलं तर मिळतं का?"

"शिक्का पडला ना. आता कसं मिळेल?"

"नाही ना मिळत?" दादांनी पुन्हा विचारलं.

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि मागच्या माणसाला वाट करून दिली.