मार्चमध्ये गावात नसलेलं गाव

सांता रेमिहियात नगरपालिकेची निवडणूक मार्चमध्ये व्हायची, आणि मार्चमध्ये गाव गावात नसायचं. थंडी पडली की लेट्यूसची काढणी आमच्या खोऱ्यातून उठून वाळवंटातल्या युमाला जाते. तिच्यामागे भांडीकुंडी गाडीत टाकून निम्मं गाव जातं, ते एप्रिललाच परततं. टपालाने आलेल्या मतपत्रिका कुलूपबंद घरांच्या पेट्यांत पडून राहायच्या. मागे उरलेले जमीनवाले आणि दुकानदार मतं टाकायचे, निवडून यायचे, आणि वर लोकांना मतदानाची आस्थाच नाही म्हणून हळहळायचे. ढोंग तरी किती करावं!

नगरसेविका दोमितिला बाराहास त्याच मागे उरलेल्यांच्या मतांवर निवडून आली होती. अर्धं आयुष्य तिने लेट्यूसच्या गड्ड्या पिशव्यांत भरण्यात घालवलं, मग कंबर गेली आणि तिने तॉर्तियाचं, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचं, दुकान टाकलं. निवडणूक नोव्हेंबरात, मंडळी युमाला निघण्याआधी घ्यावी, हा ठराव तिनेच आणला. दोघे बाजूने, दोघे विरोधात. पाचवं मत तिचं.

"दोन्या दोमितिला," बाईसाहेब म्हणावं तसा 'दोन्या'चा मान देत नगराध्यक्ष हॅडली गोड हसले, "तुमचे मतदार आम्हीच की. नोव्हेंबरात तुम्हाला कोण विचारणार? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"पाय माझा आहे ना? मग तुम्ही का कळवळताय?" असं म्हणून तिने हात वर केला.

खुर्ची तिला हवी होती, खोटं कशाला बोला. पिण्याच्या पाण्याची नवी विहीर हॅडलींचा विरोध असताना तिच्याच खटपटीने मंजूर झाली होती, आणि ती पुरी होताना आपण तिथे असावं ही तिची इच्छा होती.

आता गंमत बघा. बाई प्रचाराला निघाली ती सवयीने जुन्याच वाटेने. दुकानदारांची संघटना, चर्चमधला नाश्ता, बंगल्यांच्या ओसऱ्या. तिच्याविरुद्ध उभी राहिलेली नेरेइदा मात्र पहाटे मजुरांच्या बस सुटतात तिथे कॉफीची किटली घेऊन उभी राहायची. या नेरेइदाला गड्डी कापायला दोमितिलानेच शिकवलं होतं.

"अगं म्हातारे," नवरा सेल्सो म्हणाला, "मतदार नवे आणलेस आणि मतं मागतेयस जुन्यांकडे!"

"तू तॉर्तिया भाज," ती फणकारली. पण शब्द वर्मी लागले होते, आणि उशीरही झाला होता.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर रांग लागली. चिखलाचे बूट, डोक्याला बांधलेले रुमाल, हातात डबे. रांग कोपऱ्यावरून वळून पार पेट्रोल पंपापर्यंत गेली. असं या गावात कोणी पाहिलं नव्हतं. दोमितिला लांबूनच बघत राहिली, आणि तिचा ऊर भरून आला.

सकाळी निकाल लागला. नेरेइदा जिंकली, तेही दणदणीत.

दुपारी नेरेइदा दुकानात आली ती मान खाली घालून. "दोन्या, माफ करा. तुम्हीच दार उघडलंत आणि मी तुमच्याच—"

"ए, मान वर कर आधी. नगरसेविका आहेस तू."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना! सकाळी या माणसाच्या खांद्यावर रडलेसुद्धा. विचार त्याला." सेल्सोने मान डोलावली. "पण एक ऐक. मागच्या खेपेला मी जिंकले, तेव्हा मला मिळाली होती त्याच्या दुप्पट मतं काल मला पडली. दुप्पट! आणि तरी मी पडले. केवढं गाव होतं गं आपलं, आणि आम्ही मूठभर माणसांत गुलाल उधळत होतो."

नेरेइदाचे डोळे भरले. दोमितिलाने तिच्या हातात गरम तॉर्तियाचं पुडकं कोंबलं.

"खाऊन घे, आणि विहिरीचं काम अडवायला हॅडली उठतील, तेव्हा त्यांना सांग," ती ताठ मानेने म्हणाली, "की 'मला गावाने निवडलंय.' मला हे कधी म्हणता आलं नाही."