खिडकीपर्यंत आलेलं घर

पहिला पडदा

आधी आभाळ आलं. मग झाडांचे शेंडे, मग धुराडं, मग छप्पर. खिडकीची वरची चौकट आली, आणि

थांबलं.

कापडावरून इकडून तिकडे धावणारं छपाईयंत्राचं डोकं जागच्या जागी उभं राहिलं. शेजारच्या कॉम्प्युटरवर ‘मेमरी अपुरी आहे’ अशी चौकट उगवली आणि धाकटी यंत्राकडे धावली.

धाकटी म्हणजे या छापखान्याची मालकीण. थोरल्या दोघी बहिणी नोकऱ्यांपायी लांब गेल्या, ही बाबांजवळ राहिली. बाबांच्या शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या छापखान्यात तिने कापडावर भलीमोठी चित्रं छापणारं यंत्र आणलं, मागच्या खोलीला थंड हवा लावली, कर्जाबिर्जातून सुटली, चाळिशी गाठली. तरी अख्ख्या गल्लीत ती धाकटीच.

पडदा नाटकाचा होता. नाटकमंडळीच्या बाईंनी कापडही स्वतःच आणून दिलेलं, रंगमंचाच्या रुंदीचं, मध्ये कुठे जोड नसलेलं. तीन पडद्यांपुरतं.

“एक आमचा, एक चुकीपुरता, एक देवाच्या नावाचा,” बाई म्हणाल्या होत्या. “ती गिरणी बंद झालीय हो. असं कापड आता मागूनही मिळणार नाही. शनिवारी पहिला प्रयोग.”

दुसरा पडदा

आभाळ. शेंडे. धुराडं. छप्पर. खिडकीची वरची चौकट, आणि

तिथेच.

मधला फोन

(धाकटीच्या कॉम्प्युटरची कुठलीही दुखणी जो बघतो त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. बारावीला जीवशास्त्रात नापास झाल्यापासून.)

“मी सांगितलेला आकडा टाकलास?”

“टाकला.”

“कॉम्प्युटर बंद करून सुरू केलास?”

“केला. आकडा होता. चहा पिऊन परत बघितला, तरी होता.”

“आणि सकाळी?”

“सकाळी छपाईला लागले, खिडकीशी अडकलं, बघते तर आकडा पुन्हा एवढासा. जणू मी काही केलंच नव्हतं.”

“व्हायरस?”

“काल तूच तपासलास. बिलही दिलंस.”

“कुणी हात लावतं?”

“मी आणि बाबा. बाबा नुसतं पुसतात.”

“मग भूत असणार.”

“डॉक्टर, माझ्याकडे एकच कापड उरलंय. दात नको काढूस.”

पलीकडे तो खाकरला. “बरं. आता पुन्हा आकडा टाक, पण छापू नकोस. हे नेमकं कधी पुसलं जातं ते कळल्याशिवाय कापडाला हात लावू नकोस. मधेच पुसलं गेलं तर काय करशील?”

काय करणार होती? तोंड लपवायला नवं गाव शोधलं असतं.

जमिनीवरचा पसारा

तो आकडा कसला, हे डॉक्टरने तिला तिच्या भाषेत सांगितलं होतं. कॉम्प्युटरकडे काम मांडायला एक टेबल असतं. चित्र मोठं असलं की टेबल पुरत नाही. मग तो उरलेलं काम जमिनीवर पसरतो, म्हणजे डिस्कवर थोडी जागा उसनी घेतो. जमीन किती वापरायची ते आपण ठरवून द्यायचं. तोच आकडा. जमीन कमी पडली की जिथे असेल तिथे काम ठप्प.

धाकटीच्या चित्रात जमीन खिडकीशी संपत होती. आणि जमीन रोज दिवेलागणीला मोठी होऊन सकाळपर्यंत आक्रसत होती. पडद्याला अख्खा दिवस लागायचा, म्हणून छपाई सकाळीच धरायची. म्हणजे नेमकी आक्रसलेल्या जमिनीवर.

बाई आल्या

आल्या, आणि दोरीवर वाळत घातलेली दोन अर्धी घरं बघून दारातच थबकल्या.

“आभाळं मात्र दोन झाली हो आमची.”

“बाई, मी...”

“शेवटच्या प्रवेशात आमची थोरली नटी त्या खिडकीकडे बघते. बोलत नाही काही. नुसती बघते, आणि लोक रडतात. आता काय धुराड्याकडे बघ म्हणून सांगू तिला?”

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि उरलेल्या कापडावरून हात फिरवत राहिल्या. धाकटीने उद्या होईल असं सांगितलं. आवाज तिचा होता, पण खात्री कुणाची होती देव जाणे.

संध्याकाळी तिने आकडा टाकला. कॉम्प्युटर बंद केलाच नाही. रात्रभर चालू राहू दे, बघू कोण पुसतो.

काचेतून

सकाळी धाकटी नेहमीपेक्षा लवकर निघाली. छापखाना उघडायचा मान बाबांचा, त्यामुळे ते आत होतेच. ती दाराच्या काचेशी थांबली.

बाबांनी केर काढला. यंत्राची कड पुसली. मग कॉम्प्युटरसमोर बसले, चष्मा चढवला, आणि एका बोटाने हिरवं बटण दाबलं.

आता हे बटण त्यांच्या हाती आलं कसं, तेही सांगायला हवं. जुन्या छापखान्यात बाबांचा शिरस्ता होता: आधी यंत्र धुवायचं, मग एक कोरी फेरी फिरवायची, कागदाशिवाय, शाईशिवाय, आणि मगच दिवसाच्या कामाला हात घालायचा. नवं यंत्र आलं तेव्हा त्यांनी कीबोर्ड रॉकेलच्या बोळ्याने पुसला. अक्षरं गेली. धाकटीने बोळा काढून घेतला आणि कॉम्प्युटरची सफाई करणारा एक फुकटातला प्रोग्राम बसवून दिला. “हे आतून धुतं, बाबा. रोज हिरवं बटण दाबायचं, झालं.” तेवढंच ते गुंतून राहतील, असं मनात म्हणाली होती. हे बटण आत काय काय धुतं, ते तिने कधी बघितलं नव्हतं.

काचेपलीकडे बाबांनी धुणं संपवलं. मग कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा सुरू केला.

कोरी फेरी.

धाकटीने कपाळ काचेला टेकलं. बाबा जमीन झाडत होते. रोज, मन लावून, तिच्यासाठी. पसारा दिसला की उचलायचा, ही त्यांची जन्माची खोड.

भूत सापडलं होतं, आणि त्याला सांगायचं कसं हे काही डॉक्टरने शिकवलं नव्हतं.

आत

“लवकर आलीस?”

“बाबा, ते बटण जरा परत दाबा बघू.”

बाबांनी उत्साहाने दाबलं. यादी झरझर सरकली. धाकटीने बोट ठेवलं. ‘मेमरीसाठी राखलेली जागा: कमीत कमी ठेवली.’

“ही माझी जागा आहे. पडदा छापायला लागते ती. मी रोज वाढवते, हे रोज कापतं.”

बाबा त्या ओळीकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तशीच.

“म्हणजे दोन्ही कापडं मी नासवली.”

“मी नासवली. आत काय आहे ते न बघता मी तुमच्या हाती दिलं.”

“मला गुंतवायला दिलं होतंस.”

“कळलं होतं तुम्हाला?”

“अगं, बोळा हिसकावलास आणि बटण दिलंस! रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात, तसं. पण कचरा निघत होता खरा, म्हणून म्हटलं, चालू दे.” आणि मग ते एकदम उखडले. “तुला सांगायला काय झालं होतं, की काम मांडून ठेवलंय? खिळे जुळवून बांधलेला फर्मा यंत्रावर चढवलेला असताना मी कधी धुवायला घेतलंय? एकदा तरी?”

“नाही, बाबा.”

“मग! फर्मा चढवलाय म्हणायचं. दोन शब्द. हलला नसता माझा हात.”

“चुकलं.”

“कुठली खूण काढायची ती दाखव. मी काढतो. तू नको काढूस.”

त्याच प्रोग्रामच्या पोटात, कुणी बघणार नाही अशा कोपऱ्यात, त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. बाबांनी ती एका बोटाने काढली. धाकटीने आकडा टाकला. मग बाबांनी हिरवं बटण दाबलं, मुद्दाम, आणि कोरी फेरी फिरवली.

दोघं बघत राहिली.

आकडा होता.

“परत,” बाबा म्हणाले.

परत धुतलं, परत फेरी. आकडा होता. धाकटी कापडाच्या गुंडाळीवर बसली आणि तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. बाबा आधी बघत राहिले, मग तेही हसले, मग दटावून म्हणाले, “ऊठ गं, कापड चुरगळेल!”

तिसरा पडदा

आभाळ आलं. शेंडे आले, धुराडं, छप्पर. बाबा स्टूल ओढून यंत्राला गुडघे टेकून बसलेले. खिडकीची वरची चौकट आली, आणि

आणि तावदानं आली. तावदानांमागचा पिवळा उजेड आला. उजेडात कुणीतरी ठेवून दिलेला एक पेला आला, जो धाकटीने या चित्रात आजवर पाहिलाच नव्हता.

बाबांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. तो यंत्राच्या आवाजावरही ऐकू आला.

फोन वाजला. बाई.

“खिडकी?”

“आली, बाई. दारही आलं. आता पायरीशी आहोत.”

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आणि कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज आला.

“काय म्हणतायत?” बाबांनी विचारलं.

“बसल्या.”

“बसू दे. आणि ते हिरवं बटण उद्या दाबायचं की नाही?”

“दाबायचं की.”

“फर्मा?”

“उद्या नाही, बाबा. उद्या यंत्र रिकामं आहे. हवं तेवढं धुवा.”